वस्तादांना विचारा : स्टेअरिंगवरची झोप

मागच्या अंकात घाटातल्या ब्रेकबद्दल लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की ब्रेक जाण्याआधी पुष्कळदा ड्रायव्हर गेलेला असतो, फक्त डोळे उघडे असतात. ब्रेकबद्दल दोन पत्रं आली आणि त्या एका ओळीबद्दल पिशवीभर. त्यातली काही घेतोय. नावं छापत नाही, कारण बहुतेकांनी तशी विनंतीच केली आहे.

नव्या वाचकांसाठी आधी माझी ओळख. १९८६ साली किन्नर म्हणून, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस म्हणून, गाडीवर चढलो, ९१ ला स्टेअरिंग हातात आलं, २०१७ ला गुडघ्यांनी हात वर केले तेव्हा खाली उतरलो. कराडजवळ राहतो. आता माझ्या दोन गाड्या आहेत आणि दोन्हींवर पगारी ड्रायव्हर. म्हणजे मी दोन्हीकडचा माणूस आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

प्रश्न : माझे मिस्टर जालन्याहून सळई भरून कळंबोलीला नेतात. समृद्धी रस्ता झाल्यापासून फेऱ्या वाढल्या आहेत. वीस-बावीस दिवसांनी घरी येतात आणि जेवता जेवता झोपतात. फोनवर काहीही विचारलं तरी "हं" म्हणतात. परवा मी मुद्दाम "म्हैस विकली" म्हणाले, तरी "हं". ड्रायव्हरने किती तास गाडी चालवावी, याला काही कायदा आहे की नाही?
(अंबड तालुक्यातल्या एक भगिनी)

ताई, कायदा आहे, आणि तो माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन दिवसाला १० आणि आठवड्याला ५४, त्यापुढे नाही. सलग ५ तासांवर काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विसावा. आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. आठवड्याला एक सुट्टी. पुढे २०२० च्या कामगार संहितेत हा कायदा सामावून घेतला, पण दिवसाचे ८ तास तेच राहिले.

आता यातली भोकं सांगतो. हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकासाठी केलेला. आपल्याकडे एक-दोन-तीन गाड्यांचे मालक गावोगाव. मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ म्हणतं की माल-प्रवाशांच्या गाडीवर काम करणाऱ्याचे तास १९६१ च्या कायद्याप्रमाणेच, म्हणजे छोटा मालक सुटायला नको. पण तास मोजायला रस्त्यावर कोण उभा आहे? मला २६ वर्षांत हजार वेळा गाडीचे कागद विचारले, वजन विचारलं, पीयूसी विचारलं. "शेवटचा कधी झोपलास?" असं एकाही माणसाने विचारलं नाही.

दुसरं भोक जास्त मोठं आहे. कायद्यात कामाचे तास म्हणजे गाडी चालती असतानाचा वेळ, तिला जोडून केलेली कामं, आणि टर्मिनलवरची पंधरा मिनिटांच्या आतली नुसती हजेरी. मग कळंबोलीच्या लोखंड बाजारात तुमचे मिस्टर सळई खाली व्हायची वाट बघत सात तास उभे असतात, ते काय? मालक म्हणतो, तो आराम. त्या आरामात दर वीस मिनिटांनी गाडी दोन हात पुढे घ्यायची असते, पुढचा गेला आणि तुम्ही हलला नाहीत तर मागचा हॉर्न वाजवतो, आणि हमाल कधी येतील याचा भरवसा नसतो. डोळा लागला की नंबर गेला.

आता समृद्धीचं. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला आणि नागपूरपासून ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. कसाऱ्याच्या घाटातली अडकाअडकी वाचली. चांगलंच झालं. त्याआधी २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाके उठले. आमच्या काळात गुजरातेतून येताना सीमेवर आच्छाडला रांग, मग दहिसरच्या नाक्यावर रांग. किन्नर कागद घेऊन खिडकीवर जायचा आणि मी सीटवर आडवा व्हायचो. शिव्या देत झोपायचो, पण झोपायचो. ताई, ती झोप कुठल्याच हिशोबात नव्हती, तरी तिच्यावर आमच्या पिढीचे ड्रायव्हर जगले. नाके उठले, रस्ते गुळगुळीत झाले, तास वाचले. ते तास ड्रायव्हरच्या झोपेत जमा व्हायला हवे होते. ते वाढीव फेरीत जमा झाले.

तुम्ही काय करायचं? एक, गाडी चालू असताना फोन करायचा नाही. गाडी लावली की त्यांनीच करायचा, असं ठरवा. दोन, त्यांना साधी शंभर पानी वही द्या. गाडी कधी सुटली, कधी लावली, रांगेत किती तास गेले, झोप किती झाली, एवढंच लिहायचं. महिनाभराची वही समोर ठेवली की मालकाशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही. कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, पण एकट्याने अर्ज केलेल्या ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी "गाडी गॅरेजला आहे" असं ऐकायला मिळतं, हे मला ठाऊक आहे. त्याच मालकाचे चार ड्रायव्हर मिळून गेले तर गोष्ट वेगळी.

आणि म्हैस विकू नका.

प्रश्न : माझ्या चार गाड्या आहेत. इचलकरंजीहून कापडाच्या गाठी अहमदाबादला जातात. दिवसाला आठ तासच गाडी चालवायची म्हटली तर बँकेचा हप्ता कुठून भरू? तुम्ही स्वतः मालक झाला आहात. तुम्ही तरी पाळता का?

शेठ, खरं सांगतो, पूर्ण पाळत नाही. पण काय पाळतो आणि त्यात किती गेलं, ते सांगतो.

आधी तुमच्या फेरीचा हिशोब करू. अहमदाबादच्या नारोलपर्यंत नऊशेच्या आसपास किलोमीटर. भरलेली गाडी सरासरी ४५ ने धरली तर निव्वळ चालवण्याचे २० तास. तुमचा ड्रायव्हर सकाळी सातपासून गोदामात गाठी मोजून घेतोय, ताडपत्री बांधतोय, रस्सा ओढतोय. संध्याकाळी सहाला गाडी सुटते. जेवण, डिझेल धरून दुसऱ्या रात्री दहाला पोचते. सकाळी सात ते दुसऱ्या रात्री दहा, मोजा. ३९ तास. मध्ये दोन-तीन तास स्टेअरिंगवर डोकं टेकलं असेल. आता तो हिशोब तुमच्या घरच्या कारला लावून बघा. ३९ तास जागा असलेल्या माणसाच्या शेजारी तुम्ही तुमच्या नातवाला बसवाल का?

माझ्याकडे नियम एकच. रात्री १ ते ५ गाडी उभी. पंपावर किंवा ओळखीच्या ढाब्यावर, इंजिन बंद, माणूस आडवा. अपवाद नाही. यात सहाच्या जागी महिन्याला पाच फेऱ्या होतात. एका व्यापाऱ्याने माल द्यायचं बंद केलं. दुसऱ्याला सांगितलं की माल तिसऱ्या दिवशी सकाळी मिळेल पण मिळेलच. तो टिकला. टायमिंगची गाडी मी घेत नाही. लेट झाली तर भाड्यातून कापणार, आणि लवकर पोचली तर पाचशे रुपये बक्षीस ड्रायव्हरच्या हातात. त्या पाचशेसाठी माणूस स्वतःच स्वतःची झोप मारतो आणि मालक म्हणायला मोकळा, की मी कुठे पळ म्हटलं?

त्याहून मोठा फरक भत्त्याने पडला. पूर्वी मीही फेरीवर पैसे देत होतो. फेरीवर पैसे दिले की ड्रायव्हरला झोप म्हणजे तोटा वाटतो. आता पगार महिन्याचा आणि भत्ता रोजाचा. गाडी चालो की रांगेत उभी राहो, दिवसाचा भत्ता ठरलेला.

पाळतो की नाही हे कळतं कसं? फास्टॅगचा मेसेज मालकाच्या मोबाईलवर येतो ना? कोल्हापूर-पुणे रस्त्यावर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे चार टोल. किणीला १२ वाजून १० मिनिटांचा आणि खेड-शिवापूरला ४ वाजून ५ मिनिटांचा मेसेज असेल तर माझा माणूस झोपलेला नाही, हे मला अंथरुणात पडल्या पडल्या कळतं. तेव्हा फोन करत नाही, सकाळी बोलतो. सरकारला तास मोजायला यंत्र हवंय म्हणतात. यंत्र तुमच्या-माझ्या खिशात आहे, शेठ. आपण त्यात फक्त पैसे कापलेले बघतो.

मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत संपतेय, ही सबब ड्रायव्हरला सांगू नका. २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. नऊशेला पाच दिवस होतात.

आणखी एक. नॅशनल परमिटच्या गाडीला दोन ड्रायव्हर हवेत, ही अट २०१८ साली केंद्राने काढली. त्याआधीही दुसरा ड्रायव्हर कागदावरच असायचा, हे आपण दोघंही जाणतो. पण नुसता कागदावरचा माणूससुद्धा गेला, आणि पाठोपाठ किन्नरही परवडेना. आता चौदा चाकी गाडीत माणूस एकटा. बोलायला कुणी नाही.

२०२४ च्या जानेवारीत ड्रायव्हर स्टेअरिंग सोडून बसले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते तुम्हाला आठवत असेल. अपघात करून पळून गेल्यास दहा वर्षांच्या शिक्षेवरून ते झालं, आणि ते कलम अजून लागू केलेलं नाही. शिक्षा किती, यावर संप झाला. झोप किती, यावर झालेला मी तरी पाहिला नाही. त्यात आम्हा ड्रायव्हरांचीही चूक आहे. "मी तीन रात्री जागून गाडी आणली" ही आमच्यात फुशारकी असते. मीही मारली आहे.

प्रश्न : मी नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाटाने वाशी मार्केटला पिकअप नेतो. वय २४. बाजार पहाटेचा, त्यामुळे गाडी रात्रीच चालवावी लागते. झोप आली की चहा पितो, गाणी लावतो, तोंडावर पाणी मारतो, डोळ्यांखाली बाम लावतो. यातलं सगळ्यात चांगलं काय?

बाळा, यातलं काहीच नाही. मी याशिवाय हिरवी मिरची चावली आहे, चुना जास्त लावून तंबाखू खाल्ली आहे, थंडीत खिडकी उघडी ठेवून कान बधिर करून घेतलेत. यातलं प्रत्येक दहा मिनिटं पुरतं आणि अकराव्या मिनिटाला झोप येते ती दुप्पट येते. झोपेला उपाय झोपच.

तुझी अडचण अशी, की रात्री २ ते ५ या वेळात शरीर आपणहून खाली बसतं. दुपारी कितीही झोपलास तरी थोडं बसतंच. त्यात सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला स्टेअरिंगवर बसला, तर तो सतरा तास जागा आहे. सतरा तास जागलेल्या माणसाचं लक्ष आणि हात साधारण रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे चालतात. आपल्याकडे दारूची हद्द ०.०३ आहे. तू थेंब न घेता त्या हद्दीपार आहेस, आणि नाकाबंदीत फुंकायला दिलेलं यंत्र तुला शाबासकी देऊन सोडेल.

डुलकी चार सेकंदांची असते. ६० च्या वेगाला चार सेकंदांत गाडी ६६ मीटरवर जाते. माळशेजच्या धुक्यात तुला पुढचं २० मीटर तरी दिसतं का?

म्हणून असं कर. पहिली मोठी जांभई आली, की पुढच्या उजेडाच्या ठिकाणी, पंपावर किंवा ढाब्यावर, गाडी लाव. रस्त्याकडेला नको. चहा-कॉफी घ्यायची ती आधी घे आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून झोप. कॉफी चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर तुझी झोप होते आणि दोन्ही एकदम कामाला येतात. उठल्या उठल्या गिअर टाकायचा नाही. गाडीभोवती दोन चकरा मार, क्रेटवरची दोरी बघ, टायरला लाथ घाल. डोकं ताळ्यावर यायला दहा मिनिटं लागतात. एकूण अर्धा-पाऊण तास गेला. शेतकरी ओरडेल, भाव पडतो म्हणेल. त्याला निघायची वेळ पाऊण तास अलीकडे घ्यायला सांग. क्रेट भरायला उशीर तो करतो आणि तो उशीर भरून काढतोस तू.

सर्दीची, ॲलर्जीची गोळी किंवा खोकल्याचं औषध घेऊन गाडीवर बसू नकोस. त्यातल्या पुष्कळ औषधांनी गुंगी येते. घेताना दुकानदाराला "मी ड्रायव्हर आहे" एवढं सांगत जा. आणि दिवसा झोपतोस ती खोली पत्र्याची, टीव्ही चालू, असं असेल तर आईला सांग, की रात्रपाळीच्या माणसाची दुपार म्हणजे त्याची मध्यरात्र असते. खिडकीला जाड गोधडी टांग.

प्रश्न : रात्री कार चालवताना रस्त्याच्या कडेला अंधारात ट्रक उभे असतात. ना दिवा, ना त्रिकोण. तुमच्या लोकांना एवढं कळत नाही का?

साहेब, कळतं. तसं उभं करणं गुन्हा आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. १५ ऑक्टोबर २०२३ ला वैजापूरजवळ समृद्धीवर एक मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि १२ माणसं गेली. पण झोपेने बेजार झालेला ड्रायव्हर गाडी उभी कुठे करणार? समृद्धीचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा कोसन् कोस ना ढाबा होता, ना संडास. हॉटेलवाले चाळीस फुटी गाडीला आत घेत नाहीत आणि पंपवाला डिझेल न भरणाऱ्याला हाकलतो. मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर पुसायची सवय मात्र आमची आम्हालाच लावून घ्यायला हवी. चिखलाने भरलेला रिफ्लेक्टर आणि नसलेला रिफ्लेक्टर सारखाच.

प्रश्न : मुलगा पोलंडला ट्रक चालवायला गेलाय. तो म्हणतो, नऊ तास झाले की गाडी तिथल्या तिथे उभी करून झोपतो. मालक नाराज होऊन काढून तर टाकणार नाही ना? (फलटण)

काका, निर्धास्त राहा. तिकडे गाडीत तास मोजणारं यंत्र असतं आणि त्यात ड्रायव्हरचं स्वतःचं कार्ड घालावं लागतं. साडेचार तास चालवली की पाऊण तास थांबायचं. दिवसाला ९ तास, आठवड्यात दोनदाच १०. आठवड्याला ५६ आणि कुठल्याही दोन आठवड्यांत मिळून ९०. आठवड्याची ४५ तासांची मोठी सुट्टी तर केबिनमध्ये झोपून काढायलाही बंदी आहे. तो थांबला नाही तरच मालक नाराज होईल, कारण दंड मालकालाही बसतो. पोरगा शहाणा आहे.

प्रश्न : आता ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली. थंड हवेत ड्रायव्हर जास्त झोपणार नाही का?

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या, साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना ती सक्ती आहे. मे महिन्यात दुपारी दोनला अकोल्याच्या रस्त्यावर इंजिनशेजारी बसून बघा, मग विचारा. उकाड्याने माणूस जागा राहत नाही, उकाड्याने तो शिजतो. एसीत झोप आलीच, तर ती आधीची उधारी असते.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, गाडीवर किन्नर आहे. आमच्या वस्तादांचे, म्हणजे ड्रायव्हरचे, डोळे उघडे असतात पण कधी कधी वाटतं, की ते झोपलेत. विचारलं तर चिडतात. कसं ओळखायचं?

तुझ्या पत्राने माझी झोप उडवली, म्हणून ते शेवटी ठेवलं.

ओळखायच्या खुणा आहेत. कारण नसताना गाडीचा वेग कमी-जास्त होतो. समोरच्याला दिवा वर-खाली करून डिपर द्यायचं राहून जातं. डावी चाकं पट्टी सोडून खडीवर जातात आणि आवाज बदलतो. चढ लागला तरी गिअर बदलायला उशीर होतो. हे दिसलं की एकदम ओरडायचं नाही. दचकलेला माणूस स्टेअरिंग ओढतो. मांडीवर हात ठेव, हळू आवाजात सांग, "वस्ताद, लघवीला लागलीय, गाडी बाजूला घ्या." त्यात त्यांचा मान राहतो आणि गाडीही थांबते. उतरल्यावर दहा मिनिटं लाव. पोट बिघडलंय म्हण.

आणि प्रश्न विचारशील तो असा विचार, की ज्याला शब्दाने उत्तर द्यावं लागेल. पुढचा टोल कुठला? काल डिझेल किती टाकलं?

१९९८ चा डिसेंबर. गूळ अहमदाबादला खाली केला, परतीचा माल मिळायला दीड दिवस गेला आणि तो सगळा अड्ड्यावर गाडीखाली सावलीत काढला. तिसरी रात्र होती. मला चारोटी नाक्यावरचे दिवे आठवतात. त्यानंतरचं आठवतं ते एकदम बाभळीच्या फांद्या काचेवर फटाफट आपटतानाचं. मधली मेंढवणची खिंड, ती वळणं, तो उतार, मी कसा उतरलो, ते आजही सांगता येणार नाही. ते किलोमीटर माझ्याकडे नाहीतच. गाडी मनोरच्या अलीकडे शेतात उभी राहिली. मला खरचटलं. किन्नर सतरा वर्षांचा होता, त्याचा उजवा हात कोपरात मोडला. तो हात अजून पूर्ण सरळ होत नाही. आता त्याचं गावात पंक्चरचं दुकान आहे.

दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर मी त्याला विचारलं, अरे, मला हलवलं का नाहीस?

तो म्हणाला, "वस्ताद, खिंड लागायच्या आधी मी विचारलं होतं, चहा घ्यायचा का? तुम्ही 'हं' म्हणालात. टपरी मागे गेली तरी गाडी थांबेना, म्हणून परत विचारलं. तुम्ही परत 'हं' म्हणालात. मला वाटलं, पुढे घेणार असाल."